चुकल्याचा एक गुण

नेम चुकला तरी गुण देणारा खेळ मी पहिल्यांदा शिकागोत पाहिला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लंबगोल चेंडू, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला की गोल, सहा गुण. नेम चुकून तो बाजूच्या बुटक्या खांबापर्यंतच्या फटीतून गेला, तरी एक गुण. त्याला म्हणतात बिहाइंड. उंच खांबाला नुसता घासून आत गेला तरी सहा नाहीत, एकच. आमची टीम या एकेका गुणावर जगत होती. म्हणजे हरत होती. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एकही मॅच न जिंकता हरत होती.

टीम बायकांची, हौशी. नऊ जणींनी खेळायचं, पण आमच्याकडे कधी अकरा यायच्या, कधी सात. मग समोरच्या टीमकडून दोघी उसन्या घ्यायच्या. त्या मोसमातला आमचा सगळ्यात देखणा गोल अशाच एका उसन्या मुलीनं केला. आमच्यासाठी गोल करून ती मध्यंतरात आपल्या तंबूत परत गेली आणि तिथे तिच्या मैत्रिणींनी तिला खोटंखोटं बदडलं. आमच्याकडे तंबूच नव्हता. खांबसुद्धा प्लंबिंगच्या पांढऱ्या पाइपांचे, दर रविवारी आपणच रोवायचे आणि आपणच उपटायचे. तळ्याकडून वारा आला की चारही डुलायचे.

‘आमची टीम’ असं मी लिहिते आहे, पण माझा त्यात संबंध एवढाच की माझी रूममेट त्यात खेळत होती.

आम्ही दोघी सांगलीच्या एकाच कॉलेजातल्या. ती कबड्डीत डावा कोपरा धरायची, मी विद्यार्थी संघटनेत होते. माझं पहिलं पत्रक मी तिच्यासाठी लिहिलं. कॉलेजचं ग्राउंड रोज संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटला आणि मुलींची कबड्डी पार्किंगच्या शेडमागे, फरशीवर. तिचे गुडघे सोललेले बघून माझं डोकं फिरलं होतं. संघटनेतल्या सीनियर ताईंनी शिकवलं होतं, पहिल्या ओळीत दोष कुणाचा ते आलं पाहिजे, दुसऱ्या ओळीत मागणी. ‘आणि शंका असली तर ती घरी ठेवून ये. पत्रकात शंका नसते.’ मी लिहिलं, तिनं खळ लावून चिकटवलं, प्राचार्यांच्या दारावरसुद्धा. बारा दिवसांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी ग्राउंड मिळालं. त्या दिवशी ती धावत माझ्या वर्गात आली, सर शिकवत असताना दारातून ओरडली, “आपण जिंकलो गं!”

मी कबड्डीचा क-ही खेळलेले नाही. पण ती ‘आपण’ म्हणाली.

इथे मी तिच्यानंतर वर्षभरानं आले. डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका गल्लीत, मिठाईच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची जागा. जिन्यात कायम तुपाचा वास. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला गोड शब्दांत समजावलं होतं, की मोर्च्यात जाताना, कशावर सही करताना विचार कर, व्हिसा आहे तुझा. घरून बाबांचाही तोच मंत्र, “तिथे तोंड बंद ठेव.” ठेवलं. मला दुसरं काही येत नव्हतं. मी लॅबमध्ये डेटा साफ करायचे आणि किराणा दुकानाच्या सूचनाफलकावर कुणी काय मागण्या केल्यात ते उगाच वाचत उभी राहायचे. भाड्यानं बेसमेंट हवंय. शाकाहारी मुलगी हवीय.

तिला मात्र पार्कात चेंडू सापडला. बायका एकमेकींना कमरेत धरून पाडताहेत हे बघून ती थांबली, एकीनं विचारलं खेळतेस का, आणि हिनं पहिल्याच दिवशी एका सहा फुटी नर्सला अशी पकड घातली की तिनं उठून हिला मिठी मारली. झालं. माझा रविवार गेला. रविवारचे आमचे पोहे, नंतर खालच्या दुकानातली जिलबी, नंतर कपडे धुवायला लाँड्रीत जाऊन तिथल्या लोकांवर मराठीत कॉमेंट करणं, सगळं गेलं. तिच्या फोनवर टीमचा ग्रुप दिवसभर किणकिणायचा. नडगीवरच्या काळ्यानिळ्या डागांचे फोटो त्या एकमेकींना पाठवायच्या आणि हसायच्या. मला डाग नव्हते.

पहिली मॅच हरून ती दुपारी घरी आली, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी धरून खुर्चीत बसली.

“काय झालं?” मी विचारलं.

“आम्ही हरलो.”

इंग्रजीत बोलली असती तर काही कळलं नसतं, तिथे एकच ‘वुई’ आहे. मराठीत बोलली म्हणून कळलं की मी बाहेर आहे. मी तिला चहा करून दिला आणि त्यात साखर घालायला विसरले. विसरले म्हणजे घातली नाही.

पुढच्या रविवारपासून मी मॅचला जाऊ लागले. तिला वाटलं मी पाठिंब्याला येते. मलाही तसंच वाटत होतं. पण आता प्रामाणिकपणे सांगते, मी तिच्यावर नजर ठेवायला जात होते.

प्रेक्षक आम्ही तिघंच. मी. दुसरे एक नागपूरचे काका, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, सकाळी पार्कात फिरायला म्हणून निघायचे आणि घडीची खुर्ची घेऊन आमच्यात येऊन बसायचे. तिसरी त्या सहा फुटी नर्सची आई, जांभळ्या केसांची, डबाभर संत्र्याच्या फोडी घेऊन येणारी. समोर शेजारच्या राज्यातली टीम आली की त्यांचे निळे तंबू, सारखी जॅकेटं, ढोल, प्रत्येक खेळाडूच्या नावाची आरोळी. त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा टीमच्या रंगाचा पट्टा. मी त्या कुत्र्यावर जळत असे. खोटं नाही. तो तरी टीमचा होता.

“आपली पोट्टी चांगली धरून राहिली नं,” काका म्हणायचे, “पण चेंडू हाती आला का देते कोणाले? त्याच समोरच्या टीमले! काहून?”

“काका, कोच शिकवतच नाही. पासिंगचा सरावच नाही.”

“मंग बोल नं त्याले. तू तं मोठी लीडर होती म्हणते सांगलीची.”

कोच पन्नाशीचा ऑस्ट्रेलियन होता, गुडघ्याला पट्टा बांधून मैदानाकडेनं लंगडत धावायचा. आमची कुणी समोरचा गोल चुकली की टाळ्या वाजवून ओरडायचा, “अनलकी!” चेंडू हातातून सुटला, अनलकी. तिघी एकमेकींवर आपटल्या, अनलकी. मला या शब्दाचा संताप यायचा. दुर्दैव कसलं? मंगळवारच्या सरावाला चार जणी येतात आणि हा त्यांच्याशी तासभर समुद्रकिनाऱ्याच्या गोष्टी करतो, हे दुर्दैव? वर माझ्या रूममेटला मॅचच्या चार चतकोरांपैकी शेवटच्यात बाहेर बसवायचा, ‘दमली असशील’ म्हणून. कबड्डीत दम धरून वाढलेल्या मुलीला!

मी पत्रक लिहिलं. कितीतरी महिन्यांनी. पहिल्या ओळीत दोष: कोच. दुसऱ्या ओळीत मागणी: सराव घ्या, नाहीतर पद सोडा. सवयीनं मराठीतच लिहिलं, वर ‘जाहीर निषेध’ असा मथळा दिला, लॅबच्या प्रिंटरवर वीस प्रती काढल्या आणि मग लक्षात आलं, हे वाचणार कोण? काका आणि मी. तेव्हा ठरवलं, घोषणा द्यायच्या. आपल्या घोषणेला भाषा लागत नाही, आवाज लागतो.

डिपार्टमेंटमधल्या पुण्याच्या दोघांना फुकट संत्री मिळतील सांगून घेऊन आले. जुलैचा रविवार, समोर तीच निळ्या तंबूवाली टीम. आम्ही पहिल्या चतकोरातच सव्वीस गुणांनी मागे. आमचे तीन गुण, तिन्ही चुकल्याचे. मी सीमारेषेवर उभी राहिले, मूठ वर केली.

“कोच!”

“हाय हाय!” मागून काका, खुर्चीतून उठून, पुतळा जाळायला आल्यासारखे.

“या कोचचं करायचं काय?”

“खाली मुंडी वर पाय!” पुण्याची दोघं.

“कोच!”

“हाय हाय!”

गळा मोकळा झाला. वर्षभर साठलेलं सगळं त्या दोन शब्दांत बाहेर पडत होतं. आणि मग मला दिसलं, कोच आमच्याकडे वळून दोन्ही हात हलवतो आहे. तोंडभर हसू. “हाय!” तो ओरडला. “हाय, हाय!”

जांभळ्या केसांची आई टुणकन उठली. तिला वाटलं, अभिवादनाची ही काय गोड भारतीय पद्धत. तीही सुरू झाली, “कोच! हाय, हाय!” राखीव बसलेल्या मुली सुरू झाल्या. समोरच्या तंबूतल्या ढोलवाल्यानं ताल पकडला. पाच मिनिटांत अख्खं मैदान मरणाची घोषणा देत होतं आणि हात हलवत होतं.

“हे काय होऊन राहिलं बाप्पा,” काका खाली बसत म्हणाले. “आपण याची मयत काढली अन् हे त्याची वरात काढून राहिले.”

पुण्याची दोघं गवतावर लोळून हसत होती. “यार, बेस्ट आंदोलन. शत्रू पण सामील!”

मीही हसले असते. पण मैदानाच्या मध्यात ती उभी होती. सगळ्या धावत होत्या आणि ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. त्या दोन शब्दांचा अर्थ कळणारी खेळाडू ती एकटी होती. तिच्या बाजूनं चेंडू गेला तरी तिनं पाहिला नाही.

घरी येताना बसमध्ये ती माझ्यापासून चार सीट पुढे बसली. माझ्या दप्तरातून डोकावणारं पत्रक तिनं स्वयंपाकघरात ओढून काढलं, उभ्यानं वाचलं.

“‘खेळाडूंच्या वतीनं’ लिहिलंयस. कुठल्या खेळाडूनं सांगितलं तुला?”

“तुला बाहेर बसवतो तो. तुझ्यासाठीच—”

“मीच सांगते त्याला. शेवटी मला बाहेर काढ म्हणून. नवीन मुलींना कधी चान्स मिळणार?”

मी म्हटलं, “पण तुम्ही हरताय!”

“हरतोय. मग? तुला इतकी का आग लागलीये? सांगलीत आम्ही सलग दोन वर्षं हरलो तेव्हा तू कधी आली होतीस बघायला?”

नव्हते आले. मी पत्रकं लिहीत होते.

ती मटारची पिशवी फ्रीजरमधून काढत पाठमोरी म्हणाली, “तुला आमची टीम हरते ते खुपत नाही. मी टीममध्ये आहे ते खुपतंय.”

मी दारं आपटली, असं खोटं काय बोलतेस म्हणून ओरडले, आणि पलंगावर बसून उरलेली एकोणीस पत्रकं फाडायला घेतली. दोन फाडली. कागद चांगला होता. बाकीच्यांच्या मागच्या बाजूवर आम्ही पुढे वाणसामानाच्या याद्या केल्या. दोन महिने फ्रिजवर ‘तूरडाळ, कोथिंबीर, टॉयलेट पेपर’ लटकत होतं आणि कागदाआडून उलटा ‘जाहीर निषेध’ दिसत होता. तो बदलावा असं तिला वाटलं नाही, मला बदलायचं धैर्य झालं नाही. बोलायचो आम्ही. भाडं, दूध, लाँड्रीची नाणी, एवढंच.

पण तिनं कोचला खरा अर्थ सांगितला नाही. ते मला पुढच्या रविवारी कळलं, कारण कोच लंगडत थेट माझ्याकडे आला. डोळे ओले. तो म्हणाला, दहा वर्षं कोचिंग करतोय, माझ्या नावानं कुणी ओरडलं नव्हतं. नंतर म्हणाला, तू दर रविवारी येतेस, आमच्याकडे गोल अंपायर नाही, खांबामागे उभी राहशील? आणि माझ्या हातात दोन पांढरी निशाणं दिली. दोन्ही हलवली तर गोल. एक हलवलं तर बिहाइंड.

मी तिच्याकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “घे की. आवाज नाही करायचा पण तिथे. अंपायर आहेस.”

अशी मी, निषेध करायला गेलेली, पांढरा टीशर्ट घालून खांबामागे उभी राहिले. ऑगस्ट आणि सप्टेंबर. टीम हरतच होती, फक्त आता त्याची घोषणा माझ्याच हातानं व्हायची. एक निशाण. पुन्हा एक निशाण. काका लांबून ओरडायचे, “अवं, दोन हलव नं कधी! हात दुखते का तुया?” प्रत्येक मॅचच्या सुरुवातीला मुली रिंगण करून “हाय, हाय!” म्हणायच्या. ती म्हणायची नाही. ओठ नुसते हलवायची.

जवळून मला बऱ्याच गोष्टी दिसल्या ज्या खुर्चीतून दिसत नव्हत्या. नर्स रात्रपाळी करून थेट यायची आणि मध्यंतरात पाच मिनिटं खरोखर झोपायची. आमची एक मुलगी चेंडू पकडताना डोळे मिटायची. आणि माझी रूममेट प्रत्येक चुकीनंतर चुकलेलीच्या पाठीवर थाप मारून पुढे जायची. हीच थाप ती मला मारायची, प्राचार्यांच्या केबिनबाहेर मी घाबरून उभी असताना. तिच्या हाताचा तो आवाज आला की मी निशाणं घट्ट धरायचे.

शेवटची मॅच सप्टेंबरच्या अखेरीस, पुन्हा निळ्या तंबूवाल्यांशी. वारा होता. काकांचं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं, म्हणून ते मुलीनं दिलेला जाड कोट घालून आले होते. काय झालं कोण जाणे, त्या दिवशी आमच्या सगळ्याच्या सगळ्या आल्या. डोळे मिटणारीनं दोन चेंडू पकडले. कोच ‘अनलकी’ ओरडायचं विसरला. शेवटच्या चतकोरात आम्ही चार गुणांनी मागे होतो, चेंडू आमच्या टोकाला होता, आणि ती मैदानात होती. या वेळी तिनं बाहेर काढायला सांगितलं नव्हतं.

तिनं चेंडू हवेत झेलला. असा स्वच्छ झेलला की कुणी मध्ये न येता निवांत लाथ मारायचा हक्क मिळतो. वेळ संपल्याची शिट्टी झाली, पण ही एक लाथ बाकी. गोल, तर दोन गुणांनी जिंकणार. नाहीतर नाही. समोरचा ढोल थांबला. जांभळ्या केसांच्या आईनं संत्र्याचा डबा छातीशी धरलेला.

ती माझ्यासमोर, तीस-पस्तीस पावलांवर. चेंडूकडे बघत होती, मग एकदा माझ्याकडे. मी दोन खांबांच्या मध्ये, दोन्ही हातात निशाणं.

त्या क्षणी मला काय हवं होतं ते मी लिहिणार आहे, कारण बाकी सगळं लिहिलं. ती जिंकली तर आठ जणी तिला उचलतील, ग्रुप रात्रभर किणकिणेल, आणि ती घरी येऊन म्हणेल, आम्ही जिंकलो. मला ते ऐकायचं नव्हतं.

चेंडू आला. वाऱ्यानं डावीकडे ओढला, खांब डुलत होता, चेंडू त्याला लागून, किंवा लागल्यासारखा, आत गेला. टक्. मला ऐकू आलं. माझ्या बाजूनं मैदानावर दुसरं कुणी एवढं जवळ नव्हतं. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

मी एक निशाण हलवलं.

समोर ढोल सुरू झाला. आमच्यातली एक मटकन गवतावर बसली. कोचला त्याचा शब्द परत सापडला, “अनलकी!” आणि या वेळी त्याचा आवाज फाटला. काकांनी खुर्चीची घडी घातली.

ती चालत माझ्याकडे आली. नाकावर चिखल.

“लागला?”

“लागला.”

“नक्की?”

पत्रक असतं तर ‘नक्की’ असं लिहिलं असतं. “टक् ऐकू आलं मला,” मी म्हटलं. “आलं असं वाटतंय. पण मला आधीपासूनच हवं होतं ते. तू हरावंस असं. त्यामुळे मला माहीत नाही मी काय ऐकलं.” निशाणं हातातून सुटली. “आणि हात खाली आला ना, तेव्हा एक सेकंद मला बरं वाटलं. मग नाही वाटलं.”

मागे नर्स तिला हाका मारत होती. तिनं मागे न बघता हात वर करून थांबवलं. मला वाटलं, आता ही जागा बदलेल. दुसरी रूममेट शोधेल. किराणा दुकानाच्या फलकावर चिठ्ठी लागेल.

“लीडर,” ती म्हणाली.

“काय?”

“हाय हाय.”

तिनं ते अगदी हळू म्हटलं, खऱ्या अर्थानं. एकही अमेरिकन हात हलवणार नाही असं. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला आणि माझ्या पाठीवर थाप बसली, एवढ्या जोरात की मी खांबाला धरलं.

“मला पण आवाज आला होता,” ती म्हणाली. “बहुतेक. चल, तो खांब उपट. एकला सॉकरवाले येतात, त्याआधी आपल्याला सगळं आवरायचंय.”

मी पाइप हलवून सैल केला. त्यावर चिखलाचे सात-आठ गोल डाग होते, अख्ख्या मोसमाचे. आजचा त्यातला कुठला, ते पाहत मी थोडा वेळ उभी राहिले.

“बघत काय बसलीस? ते टोक धर.”

धरलं. तिनं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मी मागचं, आणि आम्ही कोचच्या गाडीकडे निघालो.